तक्रार वहीतली एकमेव तक्रार

मी फॉर्म भरून घेतल्याशिवाय जिवंत माणसालाही हात लावत नाही, तिथं भुताखेतांवर विश्वास ठेवणं लांबच राहिलं. माहेर माझं निमगाव केतकीचं. आमच्या मळ्याच्या वाटेवर एक विहीर होती, तिथून जाताना बायका पदर डोक्यावर घ्यायच्या आणि म्हणायच्या, हितं कायतरी हाय. मी त्याच विहिरीच्या कठड्यावर बसून पेरू खाल्लेत. या ग्रुपवरचे भुताचे अनुभवही मी आजवर हसण्यासाठीच वाचत आले. आज स्वतः लिहायला बसलेय, ते घाबरले म्हणून नाही. खरं सांगू का... थोडा अभिमान वाटतो म्हणून.

बारामतीत भिगवण रोडवरून आत वळलं की एक दुमजली इमारत आहे. खाली ठिबकच्या पाइपांचं दुकान, वर माझं मसाज सेंटर, फक्त महिलांसाठी. जिना चढला की बाहेरची खोली लागते. तिथं एक टेबल, पाण्याचा माठ आणि शकुंतलामावशी. मावशी साठीच्या आहेत. अपॉइंटमेंट घेतात, टॉवेल गरम करून ठेवतात आणि आलेल्या प्रत्येकीचं सासर-माहेर पाच मिनिटांत खणून काढतात. मसाज मात्र मी एकटीच करते. आतली खोली दहा बाय बारा. दार एकच, त्याला आतून कडी. खिडकी एकच, तिला लोखंडी जाळी. मधोमध मसाजचं टेबल, डोक्याच्या बाजूला तोंड टेकायला गोल भोकाची उशी. पालथं झोपलं की फक्त फरशी दिसते. हे सगळं इतकं बारीक सांगतेय, कारण खाली कमेंटमध्ये कुणीतरी शहाणा 'मागच्या दारानं कुणी आलं असेल' असं लिहिणारच आहे. तर बाबा, मागचं दार नाही.

'मसाज सेंटर' म्हटलं की लोकांच्या ओठाच्या कोपऱ्यात जे हसू येतं ना, ते मी आठ वर्षं पुण्यात नोकरी करताना बघितलं. बारामतीत जागा शोधताना तर दारोदार बघितलं. एका घरमालकानं आतून बायकोला बोलावून तिला मी दाखवली, जणू जत्रेतलं दोन तोंडांचं वासरू. शेवटी आबांनी जागा दिली. आबा म्हणजे आमचे घरमालक, ऊसवाले, बोलायला फटकळ पण मनानं सरळ. त्यांनी एकच अट घातली. "पोरी, तू तुजं काम कर. पन एक जरी तक्रार माज्या कानावर आली, तर दुसऱ्या दिवशी कुलूप. मला गावात तोंड दाखवायचं हाय."

बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, पण आपली बाजू तर पक्की ठेवता येते. म्हणून मी नियम केले आणि पेंटरकडून मोठ्या अक्षरांत बोर्ड रंगवून घेतला. आधी फॉर्म. बीपी, शुगर, ऑपरेशन, दिवस गेलेत का, सगळं लिहायचं. ताप असेल, एकाच पोटरीला सूज असेल तर मसाज नाही, आधी डॉक्टर. आम्ही हाड बसवत नाही, आजार बरा करायचं वचन देत नाही. अंगावरचं किती उतरवायचं ते ग्राहक ठरवेल. जिथं काम चाललंय तेवढाच भाग उघडा, बाकी चादरीखाली. खोलीत एकच मसाज करणारी, तिसरं माणूस कुणीही नाही, अगदी सासूसुद्धा नाही. प्रत्येक नव्या भागाला हात लावायच्या आधी विचारायचं. आणि ग्राहक 'नको' म्हणाली, की का म्हणून विचारायचं नाही. आधी तो भाग झाकायचा, मग पुढं.

कामावर जी कुणी येईल तिला पहिल्या दिवशी मी हे सगळे नियम मोठ्यानं वाचून दाखवते, आणि तिनं प्रत्येक नियमाला हो म्हणायचं. मावशींनीही म्हटलंय, अर्थात हसत हसत.

दाराशी दोरीला बांधलेली एक तक्रार वही आहे. तक्रार आली तर तीन दिवसांत लेखी उत्तर, हाही माझाच नियम. बायका चेष्टा करायच्या, हे काय एसटी स्टँड आहे का म्हणून. चार वर्षं वही कोरी होती. मला तिच्या कोऱ्या पानांचा किती गर्व होता म्हणून सांगू... कुणी नवीन आलं की मी मुद्दाम वही हलवून जागेवर ठेवायची.

मागच्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. शिंदे मॅडम (नाव बदललंय) तिसऱ्यांदा आल्या होत्या. मॅडम म्हणजे सांगवीकडच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आबांची दोन्ही पोरं त्यांच्या हाताखाली शिकली, त्यामुळं मॅडम जिन्यात दिसल्या तरी आबा खुर्चीवरून उठतात. त्यांचा उजवा खांदा आखडला होता, मसाजला हरकत नाही अशी डॉक्टरांची चिठ्ठी सोबत होती. दुपारचे चार वाजले होते. मी कडी लावली, पंखा बंद केला. तेलाच्या अंगाला वारा सोसत नाही, म्हणून मी तो कायम बंदच ठेवते. तासभर खांदा आणि पाठ केली. मॅडम एक शब्द बोलल्या नाहीत.

कपडे करून त्या बाहेर आल्या, पाणी प्यायल्या, चष्मा लावला आणि बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचला. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

"वैशालीताई, हा नियम आज तुम्ही मोडलात. ती दुसरी बाई कुणाला विचारून आत आली?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण मॅडम चेष्टा करणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की माझे दोन्ही हात खांद्यावर असताना आणखी दोन हात त्यांच्या पावलांवर आले. आधी चादर घोट्यापर्यंत वर सरकली, मग तळव्याला अंगठ्यानं दाब आला. गरम, मऊ हात, कामात तरबेज. दहाएक मिनिटं चाललं. बोलल्या, काम वाईट नव्हतं, पण मला कुणी विचारलं नाही. बोर्डावर एक आणि आत एक, हे मला शाळेत चाललं नाही, इथंही चालणार नाही.

मी म्हटलं, मॅडम, आत कुणी नव्हतं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं गृहपाठ बैलानं खाल्ला म्हणणाऱ्या पोराकडं बघावं. मग वही ओढली आणि सुंदर वळणदार अक्षरात पहिल्या पानावर तक्रार लिहिली. सही, खाली फोन नंबर. "तीन दिवस म्हणता ना तुम्ही? वाट बघते." आणि गेल्या.

मी घाबरले. भुताला नव्हे हो, कुलपाला! मॅडमनी आबांना एक शब्द जरी सांगितला असता, 'वर कुणीतरी न सांगता अंगाला हात लावतं', तर संपलंच होतं. आठ वर्षं पुण्यात आणि चार वर्षं इथं जे कमावलं, ते एका वाक्यात गेलं असतं. आणि पुन्हा बारामतीत मला कुणी कोपऱ्याएवढी जागा दिली नसती.

मावशींना विचारलं. त्या दाराला खुर्ची लावून मटार सोलत बसल्या होत्या, कुणी आत गेलं नाही. कडी मीच लावली होती, मीच काढली. टेबलाखाली वाकून बघितलं, हसू नका. मावशींचं म्हणणं लिंबू उतरवावं, नाहीतर बाहेरचं बघणाऱ्या एखाद्याला बोलवावं. मी म्हटलं, आधी रजिस्टर काढा.

मागच्या दोन महिन्यांत ज्या ज्या आल्या त्या सगळ्यांना फोन केले. मुद्दाम काही सुचवलं नाही, फक्त विचारलं, काही खटकलं का? बहुतेकींना काहीच नव्हतं. मग बावड्याच्या सिंधूताईंना लावला. त्यांची भेंडी-गवार असते, बाजाराला भाजी घेऊन येतात आणि महिन्यातून एकदा कंबर दाखवायला माझ्याकडं.

"खटकाय काय झालंय? झ्याक हाय समदं. ती पायाला करती ती बाई तर लई गुणाची. आमी शेतात उभं ऱ्हायलेली मानसं, पाय कुनी चेपलंत आमचं?"

मी विचारलं, ताई, ती कोण? तुम्ही बघितली का तिला?

"न्हाय बा. म्या तर पालती. मला वाटलं प्याकेजमदीच हाय."

फोन ठेवून मी आधी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं हे कबूल करते. पण लगेच दुसरी भावना आली, आणि ती भीतीची नव्हती. संताप! माझ्या खोलीत, माझ्या टेबलावर, माझ्या ग्राहकाच्या अंगाला कुणीतरी न विचारता हात लावतंय. तू कोण आहेस ते नंतर बघू. आधी हे सांग, विचारलंस का? सिंधूताईंना आवडलं ही गोष्ट वेगळी. आवडलं म्हणून विचारायची गरज नव्हती, असं माझ्याकडं चालत नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "माजं नाव सांग. मी टावेल द्यायला आत गेलते आन पायाला हात लावला म्हन. मी माफी मागते. म्हातारीला कोन काय म्हनतंय?"

मी खोटं बोलणार नाही... त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी तसं उत्तर मनात लिहूनही टाकलं होतं. सरळ होतं. मॅडमना पटलं असतं, आबांपर्यंत गेलं नसतं. पण मग वहीतलं पहिलंच उत्तर खोटं, आणि तेही मावशीच्या माथी. ज्या वहीचा एवढा तोरा मिरवला तिच्यात. सकाळी मावशींचा हात धरून नको म्हटलं. त्यांचे डोळे भरले, माझेही.

मी उत्तर लिहिलं ते असं: 'मसाजच्या वेळी खोलीत माझ्याशिवाय कुणीही व्यक्ती आली नव्हती. हे मी खात्रीनं सांगते. परंतु तुम्हाला स्पर्श झाला हे तुम्ही सांगता आणि त्यावर माझा विश्वास आहे. आणखी एका ग्राहकाचाही तसाच अनुभव मला चौकशीत कळला. तो स्पर्श तुमच्या परवानगीशिवाय झाला, म्हणून तक्रार योग्य आहे. खोलीत जे घडतं त्याची जबाबदारी माझी आहे. मी माफी मागते. नियम संबंधितांना समजावून सांगण्यात येतील.'

शेवटची ओळ लिहिली आणि पेन थांबलं. संबंधितांना म्हणजे कुणाला? पण लिहिलं तर करणं आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, लख्ख उन्हात, मी आतल्या खोलीत गेले आणि कडी लावली. टेबलाच्या पायथ्याशी एक स्टूल ठेवलं, रिकामं. समोर दुसरं, माझं. नियमांचा कागद काढला. सुरुवातीला माझं मलाच हसू येत होतं. दाराबाहेर मावशी पदर तोंडाला लावून खुसखुसत होत्या, ते ऐकू येत होतं. तरी वाचला. एकेक नियम मोठ्यानं, नव्या बाईला सांगते तसा. प्रत्येकानंतर थांबले. उत्तर काही आलं नाही. तेल हललं नाही, थंडगार झुळूक आली नाही, कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. विचारायच्या नियमाशी आले तेव्हा माझा आवाज चढला. म्हटलं, "बाई, तू जी कुणी असशील. तुझे हात चांगले आहेत असं लोक सांगतात. पण इथं राहायचं असेल तर आधी विचारायचं. नको म्हणाली की झाकायचं आणि बाजूला व्हायचं. जमत नसेल तर दुसरीकडं बघ."

स्टूल उचलून जागेवर ठेवलं आणि दुपारी स्कूटीवर सांगवीला जाऊन पत्र मॅडमच्या हातात दिलं.

मॅडमनी ओसरीवर उभ्या उभ्या ते दोनदा वाचलं. मला वाटलं आता फाडतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "आणखी एका बाईचा अनुभव हे तुम्ही स्वतः कशाला लिहिलंत? ते लपवलं असतं तर मला कळलंही नसतं." मी म्हटलं, चौकशीत निघालं ते उत्तरात यायला पाहिजे. त्या हं म्हणाल्या. मग म्हणाल्या, मंगळवारी चारला येते. आबांशी तोवर काही बोलणार नाही, पण नंतर काय सांगायचं ते मंगळवारी ठरवीन.

मंगळवार येईपर्यंत मी बोर्ड दोनदा पुसून काढला. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, देवाला नारळ फोड. फोडला. विश्वास असो नसो, नारळ फोडायला काय जातंय.

मॅडम चारला पाच कमी असताना आल्या. नवीन फॉर्म मागून भरला. मी कडी लावली, पंखा बंद केला, चादर पावलांच्या खालपर्यंत ओढली. खांद्याला विचारलं, हो म्हणाल्या. पाठीला विचारलं, हो म्हणाल्या. वीसएक मिनिटं गेली. माझं अर्धं लक्ष हाताकडं आणि अर्धं त्यांच्या पायांकडं होतं, हे माझ्या शिस्तीत बसत नाही, पण काय करणार.

आणि मग मी बघितलं. चादरीची पायाकडची कड वर सरकली होती. सरकताना मला दिसली नाही. पण घोट्यापर्यंत दोन्ही पावलं उघडी होती, आणि चादरीची घडी नीट, सरळ, मी घालते तशी. माझे हात मॅडमच्या खांद्यावर तसेच थबकले. पावलांना काही शिवलेलं दिसत नव्हतं. काहीतरी थांबलं होतं, एवढंच म्हणेन.

मॅडम वर्गात बोलावं तशा स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "नको. आज नको."

मी पटकन हात काढले. "मॅडम, थांबू?"

"तुम्हाला नाही म्हटलं. तुमचं चालू द्या."

आणि माझ्या डोळ्यांदेखत ती चादर खाली आली. कुणी दोन बोटांनी कड धरून हलकेच पावलांवरून ओढून द्यावी तशी. आधी डावं पाऊल झाकलं, मग उजवं, आणि शेवटी कड पावलांखाली खोचली गेली. सगळं पाच सेकंदांत. पंखा बंद होता, खिडकी बंद होती. मी त्यानंतर अर्धा तास खांदा केला, तो कसा केला ते मला विचारू नका.

बाहेर आल्यावर मॅडम पाणी प्यायल्या. मी विचारलं, आवाज आला का? नाही म्हणाल्या, आवाज असा नाही. पण विचारलं गेलं, हे नक्की. पोरगं बोट वर करून उभं असलं की पाठमोऱ्या असूनही बाईंना कळतं, तसं. मी विचारलं, मग नको का म्हणालात? आणि लगेच जीभ चावली, कारण का म्हणून विचारायचं नाही हा माझाच नियम. पण त्यांनी उत्तर दिलं.

"बघायचं होतं, ऐकते का."

मग वही घेतली. स्वतःच्या तक्रारीखाली, माझं उत्तर चिकटवलं होतं त्याच्याही खाली, लिहिलं: 'नियम पाळला गेला. तक्रार निकाली.' सही केली. मला रडू आलं, अगदी हुंदका. मावशी उगाच माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, तोही न विचारता.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडं आजही नाही. आबांना आडून विचारलं, इमारतीच्या आधी इथं काय होतं? म्हणाले, "ऊस हुता. त्याच्या आधी बी ऊसच." कुणी मालिश करणारी बाई इथं राहिली, वारली, अशी काही कथा नाही, मी खोदून खोदून विचारलंय. एक डॉक्टर ग्राहक आहेत, त्या म्हणतात खांद्याच्या नसा दाबल्या की कधी पायाला भास होतो. असेल. पण मग चादरीच्या नसा कोण दाबतं? रोज होत नाही हे. महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी. सिंधूताई मात्र हल्ली पालथ्या पडल्या पडल्या मधेच "व्हय, लाव की" म्हणतात आणि घोरायला लागतात. मी आता नव्या ग्राहकाला फॉर्म देतानाच सगळं सांगते, कारण न सांगता ठेवणं हाही नियमभंगच. काहीजणी उठून जातात. बऱ्याचजणी थांबतात.

त्या मंगळवारचं एक सांगायचं राहिलं. मॅडम जिना उतरल्या तेव्हा खाली दुकानाच्या पायरीवर आबा बसले होते. उठून उभे राहिले. मी वर कठड्याला धरून उभी. आबांनी विचारलं, बाई, वरचं कसं काय, ठीक हाय ना? माझी भाडेकरू हाय, म्हनून इचारतो.

मॅडम थांबल्या. पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली, दुखऱ्या नव्हे.

"आबा, वर शिस्त आहे. तिघीही नियम पाळतात."

आणि त्या रिक्षात बसून गेल्या. आबांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. "तुमी तर दोघीच हाय ना गं?"

मी म्हटलं, तिसरी नवीन आहे आबा, पण कामाला चांगली आहे.